काच खाली होत नाही

टूसॉनहून दक्षिणेला नोगालेसकडे जाणाऱ्या आय-१९ या महामार्गावर अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत. १९७५ साली अमेरिकेने मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. त्या काळच्या उत्साहात या रस्त्यावर अशा पाट्या लागल्या. पुढे उत्साह मावळला, पाट्या तेवढ्या राहिल्या. वेगमर्यादा मात्र मैलांतच लिहिलेली. देशातून आलेले पाहुणे या रस्त्यावर पहिल्यांदा निवांत होतात. "आता कळतंय बाबा कुठे आहोत ते," असं माझे सासरे म्हणाले होते. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, म्हणजे आमच्या भाषेत निफाडहून निघून सिन्नर, नाशिक करून दोन नातेवाईक गाठून परत येण्याएवढं.

हा रस्ता मी अकरा वर्षं आठवड्यातून तीन-चार वेळा करतो आहे. सीमेजवळ रिओ रिको नावाचं गाव आहे, तिथे भाजीपाल्याची मोठमोठी गोदामं आहेत. त्यातल्या एका गोदामात शीतगृहाची यंत्रणा माझ्याकडे असते. हिवाळ्यात अमेरिकेत टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची दिसते, त्यातली पुष्कळशी मेक्सिकोहून नोगालेसच्या नाक्यातून येते. मे-जूनमध्ये सोनोरा राज्यातली द्राक्षं येतात. द्राक्षाच्या पहिल्या पेट्या आल्या की मी उगाचच एक घड उचलून बघतो. वडिलांची दोन एकर बाग होती, सवय जात नाही. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास ठेवावं लागतं. टोमॅटो दहाच्या खाली नेला की त्याची चव जाते. हे शिक्षण पिंपळगावच्या शीतगृहात झालं आणि इथे जसंच्या तसं उपयोगी पडलं.

रस्ता पाहण्यासारखा आहे. टूसॉन सोडलं की उजवीकडे सान झेवियरचं पांढरंशुभ्र चर्च दिसतं, १७९७ मध्ये बांधून पुरं झालेलं. पुढे पेकान झाडांच्या सरळ रांगा, आणि इतक्या कोरड्या मुलखात ती गर्द सावली खरी वाटत नाही. पश्चिमेला तांब्याच्या खाणींनी उपसलेल्या मातीचे सपाट डोंगर, पूर्वेला सांता रिटाचे खरे डोंगर. सोबतीला सांता क्रूझ नदी असते. बहुतेक वेळा ती नुसती वाळू. या नदीची गंमत अशी की ती ॲरिझोनात उगम पावते, दक्षिणेला मेक्सिकोत जाते, वळसा घेते आणि पुन्हा उत्तरेला अमेरिकेत येते. तिला कोणी कागद विचारत नाही.

आम्हाला विचारतात. उत्तरेकडे परतताना टुबाक गावाजवळ महामार्गावरच तपासणी नाका आहे. वर छप्पर, खाली रांग. गाडी थांबवायची, काच खाली करायची, नागरिकत्व विचारलं की सांगायचं. बहुतेक वेळा दहा सेकंदांत सुटका होते. आणि या दहा सेकंदांतलं मुख्य काम काच खाली करण्याचं.

माझा ट्रक १९९५ सालचा, म्हणजे पिकअप. २००९ मध्ये एका निवृत्त शेतकऱ्याकडून घेतला. मंडळाच्या गणपतीची मखर, पातेली, सतरंज्या, दरवर्षी एकदा कुणाचं तरी घरसामान, हे सगळं याच ट्रकने वाहिलेलं आहे. एसी उत्तम चालतो (तो बिघडला तर मला या धंद्यात तोंड दाखवायला जागा नाही). मे महिन्यात मात्र काचांनी असहकार पुकारला. माझ्या बाजूचं बटण दाबलं की दारात खडी दळल्यासारखा आवाज यायचा, काच दोन बोटं खाली यायची आणि थबकायची. पलीकडच्या दाराचं बटण दाबलं तर काहीच नाही. आवाजसुद्धा नाही.

एका संध्याकाळी नाक्यावर काच दोन बोटंही आली नाही. जवानाने खूण केली, मी बटण दाबलं, दार घरघरलं. त्याने पुन्हा खूण केली. मी दोन्ही हात दाखवले, मग एका हाताने दार उघडलं. तो एक पाऊल मागे सरकला आणि त्याचा हात कमरेकडे गेला. वयाने तो माझ्या भाच्याएवढा असेल. मी मोठ्याने म्हणालो, काच बिघडली आहे. त्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नेहमीचा प्रश्न विचारला आणि जायला सांगितलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. पुढची चाळीसेक मैलं मी एसी बंदच ठेवला होता हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

सौ.ला हे दोन दिवसांनी सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. "अहो, जुलैत तो ट्रक पोरगी नेणार आहे," एवढंच म्हणाली.

ते खरं होतं. मुलगी सतरा वर्षांची. टुबाक हे चित्रकारांचं गाव आहे, तिथल्या उन्हाळी चित्रवर्गाला तिने स्वतःच्या पैशांनी नाव घातलं होतं. दर शनिवारी एकटी जाणार, एकटी येणार. येताना तोच नाका. तिचा जन्म याच गावचा, बोलणं इथलंच, पण रंग आमचा आहे. तिने अचानक दार उघडू नये असं मला वाटत होतं, आणि हे तिला कोणत्या शब्दांत सांगावं ते सुचत नव्हतं. काच दुरुस्त करणं त्यामानाने सोपं होतं.

एका गॅरेजने दोन्ही दारांचे मिळून सातशे चाळीस डॉलर सांगितले. ट्रकची स्वतःची किंमत फार तर त्याच्या चौपट. मी गोदामातल्या एका सोनोरी सहकाऱ्याला विचारलं. साठीचा गृहस्थ, सगळे त्यांना मायेस्त्रो म्हणतात. तिकडे हातात कसब असलेल्या माणसाला तसं म्हणायची पद्धत आहे. त्यांनी आवाजाचं वर्णन ऐकलं आणि तीन बोटं वर केली. "तीन प्लास्टिकचे तुकडे, इन्हेनिएरो. पाच डॉलर."

त्यांचं म्हणणं असं. काचेच्या मोटरचा वर्म गिअर थेट काच उचलत नाही. मधे एका चाकात तीन प्लास्टिकच्या गोट्या बसवलेल्या असतात, त्यांच्यामार्फत जोर पुढे जातो. काच वर टोकाला धडकली की धक्का त्या गोट्या खातात आणि दाते वाचतात. पंचवीस-तीस वर्षं आणि ॲरिझोनाचं ऊन, गोट्यांचा चुरा होतो. मग मोटर फिरते, काच हलत नाही. दळण्याचा आवाज त्या चुऱ्याचा.

दुसऱ्या दाराची परीक्षा मी केली. संध्याकाळी केबिनमधला दिवा लावून ठेवला आणि बटणं दाबली. माझ्या बाजूचं दाबलं की दिवा मंदावायचा, म्हणजे मोटर करंट खाते आहे. पलीकडचं दाबलं तर दिवा ढिम्म. म्हणजे मंडल कुठेतरी तुटलं आहे. मल्टीमीटर लावला. त्या मोटरपर्यंत बारा व्होल्ट पोचत होते, परतीचा मार्ग मिळत नव्हता. अशा जुन्या गाड्यांत पलीकडच्या काचेच्या दोन्ही तारा चालकाच्या दारातल्या मुख्य बटणातून फिरून येतात आणि अर्थिंग तिथेच मिळतं. म्हणजे दुखणं पलीकडच्या दारात नसून माझ्याच दारात होतं. मुलीला बटण दाबून धरायला सांगितलं आणि माझ्या दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी हलवली. पलीकडची काच एक झटका देऊन हलली. "बाबा! परत करा!" तिला हे जादूसारखं वाटलं. बिजागरीपाशी दार उघडमीट होऊन तार आतल्या आत तुटली होती, वरचं आवरण शाबूत.

शनिवारी सकाळी सहाला आम्ही दोघं भंगारात गेलो. टूसॉनच्या दक्षिण भागात अशी आवारं बरीच आहेत. सोनोरी लोक त्याला 'योंके' म्हणतात, जंक शब्दाचंच ते रूप. दारात दोन डॉलर द्यायचे, आपली हत्यारं आपण न्यायची, हवा तो भाग आपणच काढायचा. गाड्या जुन्या चाकांच्या वेल्ड केलेल्या तिवयांवर उभ्या, रांगेने, क्षितिजापर्यंत. सातपूरच्या गॅरेजमागची भंगारं मी पाहिलेली आहेत, पण तिथे दाराला दार लागलेलं असतं. इथे रुग्णालयाच्या वॉर्डासारखी शिस्त. ट्रक शेवटच्या रांगांत. आमच्या जातीचे सात सापडले आणि त्यातल्या पाचांच्या दाराच्या आतल्या पत्र्याला तीन-तीन गोल भोकं होती. आमच्या आधी कितीजण याच दुखण्याने आले होते, हे त्यावरूनच कळत होतं. मोटरचे बोल्ट पत्र्यामागे लपलेले असतात, म्हणून पत्र्यावर ठसे उमटवलेले आहेत, तिथे ड्रिल मारायचं. गोट्या जुन्या घेण्यात अर्थ नाही, त्या नव्याच आणल्या. भंगारातून बिजागरीची रबरी नळी आणि तारांचा जुडगा घेतला. नऊ वाजता पाना हातात धरवेना एवढा तापला. जूनअखेरीस पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा बाहेर पडलो.

काम दोन संध्याकाळचं. दाराचं आतलं आवरण काढलं, आतला प्लास्टिकचा कागद जपून सोडवला. तारेला जोड दिला तो बिजागरीच्या वळणापासून हातभर आत, नाहीतर पुन्हा तिथेच तुटते. कोणी हे काम करणार असेल तर एक मुद्दाम सांगतो. काच उचलणाऱ्या यंत्रणेत एक गुंडाळलेली जाड स्प्रिंग असते. मोटर सोडवली की ती एकदम सुटू शकते आणि दातेरी पट्टी बोटं घेऊन जाईल. म्हणून काच वर ओढून, पाचर मारून, ती पट्टी शिकंज्याने आवळून मगच बोल्ट ढिले करायचे. मुलीने शिकंजा दोनदा तपासला. ड्रिल तिनेच मारलं.

दुसऱ्या संध्याकाळी दार उघडं पडलेलं असताना दक्षिणेकडून धुळीची भिंत आली. इथे १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सून. शब्द आपलाच, म्हणजे अरबी मौसिमवरून आपल्याकडे मोसम झाला तोच. आम्ही ताडपत्री धरून उभे राहिलो. मग पाऊस आला आणि क्रिओसोटच्या झुडपांचा वास सुटला. मृद्गंध म्हणावा तर तो हा नव्हे, थोडा औषधी, काढ्यासारखा. आमच्या हिला तो आवडत नाही. मला आता आवडायला लागला आहे.

चाक उघडलं तेव्हा गोट्यांच्या जागी तपकिरी भुगा होता. तो साफ केला, नव्या तीन बसवल्या, ग्रीस लावलं. काचेच्या रबरी खाचांत सिलिकॉनचा फवारा मारला. तेल नाही, तेलाला धूळ धरते आणि रबर फुगतं. बटण दाबलं आणि काच आवाज न करता खाली गेली. मुलीने ती वीसेक वेळा खाली-वर केली. मी काही बोललो नाही, नव्या गोट्या पाच डॉलरच्या होत्या.

मग अंगणात मी जवान झालो आणि ती ट्रकमध्ये बसली. नाक्यावर कसं थांबायचं, काच आधी पूर्ण खाली, हात स्टिअरिंगवर, विचारतील तेवढंच उत्तर. जे सांगायला शब्द सापडत नव्हते ते सगळं काचेच्या निमित्ताने सांगून झालं. "बाबा, मला माहिती आहे," ती म्हणाली. "शाळेत सगळ्या मुलांचे बाबा हेच शिकवतात." मायेस्त्रोंच्या नातीही त्याच शाळेत आहेत.

पहिल्या शनिवारी ती साडेपाचला परतली. सीटवर बोटभर धूळ होती, कारण काचा चालतात म्हणून एसी न लावता दोन्ही उघड्या टाकून आली होती. सौ.ने नाक्याबद्दल विचारलं. काच खाली केली, त्याने विचारलं, मी सांगितलं, निघाले, असं म्हणाली. तिथला कुत्रा फार गोड आहे, त्याचं स्केच करायचं आहे म्हणे. मी तिला सांगितलं की ते गाडीतून उतरून करू नकोस.

मागची सरकती काच अजून खडखडते. तिचं काम दिवाळीनंतर, थंडी पडली की.