अकरा खाडे

भूगोलाच्या तासाला सरांनी विचारले, "बर्फ कुणी कुणी पाहिलाय?" साऱ्या वर्गात माझा एकटीचाच हात वर गेला. सरांना कौतुक वाटले. "कुठे पाहिलास? काश्मीरला?" मी म्हटले, "मिरकरवाड्याला, सर. माझे बाबा बर्फाच्या कारखान्यात आहेत."

वर्ग जो हसत सुटला, तो तास संपेपर्यंत थांबला नाही. सर मात्र हसले नाहीत. "तोही बर्फच. मी डोंगरावरच्या हिमाबद्दल विचारत होतो," एवढेच ते म्हणाले. पण माझे कान तापायचे ते तापलेच. बंदरावरून घरी येताना मी मनाशी ठरवून टाकले, की आपल्या घरातल्या सगळ्यांनी एकदा आकाशातून पडलेला बर्फ पाहायचाच.

आमच्या घरी प्रवास होत नाहीत असे नाही. आम्ही लग्नाला जातो, मयताला जातो. आजी दोनदा पंढरपूरला जाऊन आली आहे. पण नुसते हिंडायला म्हणून घराला कुलूप लावल्याचे कुणालाच आठवत नाही. म्हणून रात्री जेवताना मी विषय काढला, तेव्हा आईने आधी विचारले, "कुणाचं काय आहे तिकडे?" कुणाचे काहीच नसलेल्या गावी माणसे जातात, हे तिला पटवायलाच दोन दिवस लागले.

ग्रंथालयातला नकाशा आणि सरांनी दिलेली माहिती यांवरून मी औली हे ठिकाण निवडले. उत्तराखंडात जोशीमठाच्या वर, अडीच-तीन हजार मीटर उंचीवरचा हा डोंगरउतार. डिसेंबरअखेर ते मार्च बर्फ असला, की तिथे स्कीइंग चालते. गढवाल मंडल विकास निगमाचे विश्रामगृह आहे, आणि 7 व 14 दिवसांचे स्कीइंगचे वर्गही ते चालवतात. समोर 7,816 मीटरचे नंदादेवी. गाव लहान, थाटमाट कमी, म्हणून आपल्याला परवडेल असा माझा हिशेब.

आजीला बर्फाचे काही नव्हते. तिला मी दुसऱ्या वाटेने वळवले. हृषीकेशहून जोशीमठाला जाताना देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे चार प्रयाग एकाच रस्त्यावर लागतात. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठाच्या जरा पुढे. शिवाय हिवाळ्यात बद्रीनाथाचे दार बंद असते, तेव्हा त्याची गादी जोशीमठाच्या नृसिंह मंदिरात असते. "म्हणजे देवसुद्धा थंडीत खाली उतरतो आणि तुम्ही वर चाललात!" आजी म्हणाली. पण त्या रात्री तिने ट्रंकेतली शाल काढून उन्हात घालायला सांगितली.

बाबा मात्र आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनीच विचारले, "तिथं लोक नेमकं करतात काय?" धाकट्या भावाने उत्साहाने सांगितले, की पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात. बाबांचा घास हातातच राहिला. "घसरायला पैसे देतात?"

यात हसण्यासारखे आहे, आणि नाहीही. बाबांच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याची मोठी टाकी आहे. मिठाचे पाणी शून्याखाली गेले तरी गोठत नाही. अमोनियाच्या नळ्या ते थंड करतात, आणि त्यात साध्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे बुडवून ठेवतात. डब्यातले पाणी गोठायला जवळजवळ एक दिवस लागतो. मग डबे वर उचलायचे, क्षणभर साध्या पाण्यात बुडवून लादी सुटी करायची आणि ओल्या जमिनीवरून आकड्याने ओढत यंत्राकडे न्यायची. तिचा चुरा होऊन होड्यांत जातो. लादी शे-सव्वाशे किलोची. तिथे पाय घसरला तर पैसे मिळत नाहीत, जातात. एकदा लादी पायावर येऊन बाबांच्या डाव्या पायाचे एक बोट गेले. घसरू नये एवढी एकच विद्या ते बावीस वर्षे शिकत आले आहेत, आणि आम्ही त्यांना घसरायला नेत होतो.

त्यांना खरा रस वाटला तो एका वेगळ्याच गोष्टीत. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा औलीला झाल्या, तेव्हा कृत्रिम बर्फ करण्यासाठी तिथे वर एक तळे बांधले. तळ्यातले पाणी यंत्राने थंड हवेत फवारायचे, की त्याचा भुसभुशीत बर्फ होऊन उतारावर पडतो. "म्हणजे कारखाना तिथंही आहेच!" बाबा म्हणाले. मग यंत्र केवढे, पाणी कोण ओढते, रात्रपाळी असते का, असे किती प्रश्न! माझ्या शिक्षणाबद्दलही त्यांनी कधी एवढे विचारले नव्हते.

आता अडचण उरली ती महिन्याची. आमच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या बंद म्हणजे बर्फाला गिऱ्हाईक नाही, आणि बाबा मोकळे. पण त्या दिवसांत औलीला नुसते गवत, आणि रस्त्यावर दरडी. औलीला बर्फ असतो तेव्हा बाबांना बर्फातून मान वर काढायला सवड नसते. बाबांचा बर्फ थांबतो तेव्हा हिमालयातला वितळलेला असतो. नकाशावर हे अंतर मला कुठे दिसले नव्हते.

तरी मी वही काढली. मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून हरिद्वार, मग दिवसभराची बस. जोशीमठाहून औलीला जाणारा रोपवे, जानेवारी 2023 मध्ये गावातल्या घरांना भेगा पडल्या तेव्हा बंद झाला होता, म्हणून तेही अंतर जीपने धरले. जाऊन-येऊन अकरा दिवस, त्यांतले औलीचे तीनच. स्कीइंगचा वर्ग यात बसत नव्हता. भावाला एका दिवसाच्या भाड्याच्या पट्ट्यांवर भागवायचे होते. गाडीभाडे, खोली, बूट, लोकरीचे कपडे असे सारे लिहून मी बेरीज केली आणि आईच्या भिशीच्या 20,000 रुपयांशी ताडून पाहिली. ओढूनताणून बसत होते. मी मोठ्या ऐटीत वही आईपुढे ठेवली.

आईने ती वाचायला लावली आणि म्हणाली, "खाडे लिही."

"कसले?"

"बाबांचे. अकरा दिवस गेले नाहीत तर पगार कोण देणार?"

मी लिहिले : अकरा खाडे, 600 रुपयांप्रमाणे 6,600. गाडी आणि खोली सोडली तर एवढा मोठा आकडा वहीत दुसरा नव्हता, आणि तोच माझ्या ध्यानात आला नव्हता. सुट्टी ही पगारासकट मिळते, असे मी न कळत धरून चालले होते. दोन वर्षे कॉलेजात काय गेले, आमच्याच घराचा हिशेब मला परक्यासारखा मांडता येऊ लागला होता! वर्गातल्या हसण्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त लागली.

"तुम्ही चौघं जाऊन या, मी राहतो," बाबा म्हणाले. आईने साफ सांगितले, "बर्फ तुमचा, आणि बघायला आम्ही? जायचं तर पाचही जण." मी गप्पच होते. एवढी बेरीज झाल्यावर 'चला' म्हणायचा धीर माझ्यात उरला नव्हता.

बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी बाबांनी वही ओढून घेतली. अक्षरे त्यांना सावकाश लागतात, पण आकडे चटकन कळतात. खाड्यांच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "येत्या जानेवारीत जमतं का, मालकांना विचारून बघतो."

बाहेरच्या माणसाला हे वाक्य साधे वाटेल. पण बावीस वर्षांत बाबांनी फक्त दोनदा रजा मागितली आहे. एकदा आजोबा गेले तेव्हा, आणि एकदा ते बोट गेले तेव्हा. कुणी मेलेले नाही, कुणी आजारी नाही, आणि तरीही रजा मागायची, ही कल्पनाच त्यांच्या तोंडून प्रथम निघत होती.

हे लिहीपर्यंत त्यांनी विचारलेले नाही. संध्याकाळी ते घरी येतात, गार पडलेली बोटे चुलीपाशी धरतात, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते. मी विचारत नाही. तेही सांगत नाहीत. आजीची शाल मात्र अजून ट्रंकेत परत गेलेली नाही.

(द्वितीय वर्ष, कला)