जस्ताची नाणी

नाणेसंग्राहकाला धातूचा आणि रूपाचा मोह असतो. माझ्याकडील नेदरलँड्सची जस्ताची नाणी धातूच्या कसोटीवर हिणकस ठरतात. रूपाच्या बाबतीत मात्र पेच आहे.

१९४० मध्ये जर्मनीने तो देश व्यापला आणि राणी विल्हेल्मिना लंडनला गेली. तिची मुद्रा असलेल्या चांदीच्या नाण्यांची जागा १९४१ पासून जस्ताच्या नाण्यांनी घेतली. तांबे आणि निकेल युद्धाला हवे होते. नव्या नाण्यांची रेखाटने नीको द हास या डच नाझीची. १० सेंटांवर ट्युलिपची फुले, २५ सेंटांवर शिडाचे जहाज. किती निरागस! राणी पुसली गेली आहे, हे पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानातही येत नाही. त्याच युद्धकाळात अमेरिकेतील टांकसाळी परागंदा डच सरकारसाठी राणीच्या मुद्रेची चांदीची नाणी पाडत होत्या.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचित आहे: कर्त्याची निष्ठा ठाऊक झाल्यावर कृतीचे सौंदर्य उरते का? मला ती ट्युलिप आजही देखणी वाटतात, आणि तसे वाटणे मला अस्वस्थ करते. तथापि नाणे केवळ रेखाटणाऱ्याचे नसते. याच जस्ताने कुणी पाव घेतला असेल. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात तर हाती नाणे असूनही पाव मिळेना. म्हणून मी लखलखीत नव्हे, झिजलेली नाणी निवडतो. त्यांच्यावर सत्तेपेक्षा माणसांच्या बोटांची अक्षरे अधिक ठळक असतात.