त्याच्याआडचा हात

घटस्फोटानंतर ताई म्हणाली, "लग्नाच्या व्हिडिओतून त्याला काढ. आई तेवढी ठेव." आई गेल्यापासून तिचा तेवढाच व्हिडिओ उरलाय.

मी आफ्टर इफेक्ट्स उघडलं. २०१९पासून त्यात कन्टेन्ट-अवेअर फिल आहे. नको त्या माणसाला मास्क करायचं. सॉफ्टवेअर मागच्या-पुढच्या फ्रेम्समधून त्याच्यामागचं दृश्य उचलून रिकामी जागा भरतं. तो जिथून हलला होता, तिथला पडदा, झेंडूच्या माळा अगदी खऱ्या आल्या. पण आईचा उजवा हात पूर्ण वेळ त्याच्याआड होता. एकाही फ्रेममध्ये नाही. तिथे सॉफ्टवेअरनं पडदाच भरला. आईचा हात कोपरापाशी संपला.

ताईनं दोनदा बघितलं.

"राहू दे त्याला," ती म्हणाली. "तो असला की मागे आईचा हात आहे, हे कळतं तरी."