राखेखालचा निखारा

बेळगावकरांच्या लेखी काळी नदी म्हणजे दांडेलीची सहल. गणेशगुडीला सुपा धरणाची भिंत बघायची, जमलं तर नावेत बसायचं, डबे सोडायचे आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. नदी तिथून पुढं कुठं जाते याची चौकशी आम्ही कधी केली नाही. पण जावयांची बदली कैग्याला झाली, लेक मल्लापूरच्या वसाहतीत राहायला गेली आणि ती चौकशी करणं भाग पडलं.

"कैगा? म्हणजे ते अणुवीज केंद्र ना?" आमच्या गल्लीत ज्याला त्याला हाच प्रश्न. पाठोपाठ चेहऱ्यावर काळजी. ती बघून माझी धाकधूक आणखी वाढायची. शेवटी यंदा दिवाळी आटोपल्यावर आम्ही दोघं निघालो. धारवाडच्या विहीणबाईही आदल्या दिवशी येऊन बरोबर निघाल्या. गाडीत मराठी, कानडी आणि दोन्हींची मिसळ, असा आमचा नेहमीचा संसार सुरू झाला.

खानापूर, लोंढा, रामनगर. सुप्याच्या धरणात गावं बुडाली, तेव्हा तिथल्या माणसांना आणून वसवलं ते हे रामनगर. तिथं चहा घेतला आणि जोयड्याच्या रस्त्याला लागलो. पाट्या कानडीत, दुकानातलं बोलणं कोकणीत आणि आमच्याशी मात्र मराठी. जोयड्यानंतर जंगल दाट होत जातं. अणशी-दांडेलीचा हा व्याघ्र प्रकल्प २०१५ पासून नदीच्याच नावानं ओळखला जातो. अणशीचा घाट उतरताना कान दडे बसल्यासारखे झाले. मग हवा दमट झाली आणि माडाची झाडं दिसू लागली. खाली कद्रा.

जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावलेली ही नदी जेमतेम १८४ किलोमीटर वाहते. पण तेवढ्यात तिच्यावर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी धरणं आहेत. कद्र्याच्या जलाशयाचं पाणी कैग्याच्या केंद्राला थंडाव्यासाठी लागतं. प्रत्येकी २२० मेगावॉटचे चार संच तिथं चालतात. पहिले दोन २००० साली व्यापारी तत्त्वावर सुरू झाले, तिसरा २००७ मध्ये आणि चौथा २०११ मध्ये. यातला पहिला संच सलग ९६२ दिवस चालला आणि ३१ डिसेंबर २०१८ ला थांबवला, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. ७०० मेगावॉटच्या आणखी दोन संचांचं काम आता हाती घेतलं आहे.

वसाहत सुरेख आहे. झाडी इतकी की पहाटे पक्ष्यांनीच जाग येते. २०११ पासून इथं पक्षी मोजण्याची 'बर्ड मॅरेथॉन' भरते. केंद्र मात्र इथून दिसत नाही, ते डोंगराआड.

पोचल्या पोचल्या शेजारच्या काकू दारात आल्या, "ऊट आतेन्री?" जेवणं व्हायची होती. पानं मांडली आणि सातवीतल्या नातवानं वडिलांना विचारलं, "अप्पा, गॅस संपला की सिलिंडर परत जातो. तुमच्याकडचं इंधन संपलं की कुठं जातं?"

जावई हसले. "पुस्तकात छापलंय तेवढं सांगतो. आमच्या केंद्रातलं काही विचारायचं नाही."

खरं सांगते, मला ते खटकलं. घरच्या माणसांपासून कसली आलीय लपवाछपवी? पण त्यांनी जे सांगितलं, ते ऐकताना माझं जेवण ताटात तसंच राहिलं.

अशा भट्टीतलं इंधन म्हणजे १९ बारीक नळ्यांची एक जुडी, बाजारातल्या शेवग्याच्या शेंगांच्या जुडीसारखी. लांबी अर्धा मीटर, वजन पंधरा-सोळा किलो. नळ्यांत नैसर्गिक युरेनियमच्या गोळ्या. या जुड्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलात बनतात. २२० मेगावॉटच्या एका भट्टीत ३०६ आडव्या नळकांड्या, प्रत्येकीत १२ जुड्या, म्हणजे एकूण ३,६७२. दिवसाकाठी साधारण आठ जुड्या बदलायच्या, तेही भट्टी न थांबवता. नवी जुडी हातमोजे घालून हातानं उचलता येते. तीच जुडी वापरून बाहेर आली की तिच्या जवळ उघड्यानं काही मिनिटं उभं राहणंही जिवावरचं. म्हणून ती यंत्रानंच उचलायची आणि थेट पाण्याच्या खोल हौदात सोडायची. वर कित्येक मीटर पाणी. ते पाणी उष्णता शोषतं आणि किरणोत्सारही अडवतं. प्रत्येक अणुवीज केंद्रात असा हौद असतोच.

"म्हणजे संपलेलं इंधन नव्यापेक्षा जास्त भयंकर?" मी विचारलं.

"हो, अत्ती. संपलं म्हणजे आमच्या कामापुरतं संपलं. भट्टी बंद केली, त्या क्षणी तिच्या पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघतच असते. ती लवकर उतरत जाते, पण पूर्ण थांबायला वर्षंच्या वर्षं."

विहीणबाईंनी ताकाची वाटी खाली ठेवली. "अंद्र बूदि मुच्चिद केंड."

राखेखालचा निखारा! आपल्या दोन्ही भाषांत ही म्हण शब्दाला शब्द सारखी. आणि मला खानापूरकडची आमची आजी आठवली. रात्री सगळ्यांची निजानीज झाली की ती चुलीतला निखारा राखेखाली सारायची, सकाळी पुन्हा विस्तव करायला. वर पाटी उपडी घालायची, पोरांना तिकडं फिरकू द्यायची नाही, मांजर कुठं आहे ते बघायची आणि मगच आडवी व्हायची. एकदा वाडीतल्या एका घरात राख गार झाली असं समजून उकिरड्यावर टाकली. दुपारी वारा सुटला आणि शेजारची गवताची गंजी पेटली. विझलंय असं वाटणाऱ्या विस्तवावरच नजर ठेवायची असते, हे आजीचं सुरक्षेचं शास्त्र.

दुसऱ्या दिवशी कारवारला गेलो. नदीच्या मुखाशी सदाशिवगड. सोंद्याच्या राजांनी अठराव्या शतकात बांधलेला. मुंबई-गोवा-मंगळूर महामार्गानं डोंगर कापला आहे, तरी वर चढलं की एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला नदी, दोन्ही नजरेत. इथं जावई मोकळे झाले. गड दाखवता दाखवता त्यांनी मला त्या हौदाच्या पहाऱ्याचा नियम समजावला. तोही छापलेलाच, जगभर सगळ्यांसाठी.

"किल्ल्याला काय लागतं, अत्ती? शत्रू लांबून दिसला पाहिजे. दिसला की तो अडला पाहिजे. आणि तो अडलेला असतानाच शिबंदी पोचली पाहिजे. यातलं एक जरी चुकलं तर भिंत कितीही जाड असो, उपयोग नाही."

अणुकेंद्राच्या सुरक्षेचं सूत्र हेच. आधी चाहूल, मग अडथळा, मग प्रतिकार. तटात तट असावा तसं कुंपणाच्या आत कुंपण. बाहेरच्या आवारात शिरायला एक परवाना, आतल्यासाठी दुसरा, अगदी मर्मस्थानाशी मोजक्याच माणसांना प्रवेश आणि तिथं एकट्यादुकट्यानं काम न करण्याची पद्धत. गाड्यांची झडती, रात्रंदिवस पहारा. आपल्याकडे हा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे.

धोके दोन. एक, कुणी जुडी पळवेल. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असतं, म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या शिफारशींत ते संरक्षणाच्या दुसऱ्या वर्गात धरलं जातं. त्याचा किरणोत्सारच सुरुवातीला चोराला जवळ येऊ देत नाही. पण वर्षं सरतात तसा तो ओसरतो आणि राखण करणाऱ्यांवरचा भार वाढतो. त्यातून या जुड्या लहान, म्हणून प्रत्येकीचा हिशेब ठेवावा लागतो. भारत-अमेरिका अणुकराराच्या वेळी, २००६ साली आपण काही भट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीखाली देण्याचं ठरवलं, त्यांत कैग्याचे हे चार संच नाहीत. म्हणजे इथला हिशेबही आपलाच आणि पहाराही आपलाच.

दुसरा धोका, कुणी हौदाला किंवा त्याच्या पाण्याला इजा करेल. पाणी गेलं तर काय, याची धास्ती जगानं मार्च २०११ मध्ये अनुभवली. जपानमधल्या फुकुशिमाला चौथी भट्टी बंदच होती, तिचं इंधन वरच्या हौदात काढून ठेवलेलं होतं. त्या इमारतीत स्फोट झाला आणि हौद कोरडा पडला की काय, म्हणून जगाची झोप उडाली. पाणी होतं, हे नंतर कळलं. तिथलं इंधन पूर्ण हलवायला २०१४ चा डिसेंबर उजाडला. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर हौदांचे आणि वाळवून ठेवलेल्या इंधनाच्या पिंपांचे नियम कडक झाले, ते याच भीतीपोटी. आपल्या भट्ट्यांतलं इंधन त्या मानानं कमी तापतं आणि साध्या पाण्याच्या हौदात त्याची साखळी प्रक्रिया आपोआप सुरू होऊ शकत नाही. एवढा दिलासा खरा, पण पाणी मात्र हवंच.

"आणि फितुरी?" आमचे हे इतका वेळ गप्प होते, ते एकदम बोलले. "आपले किल्ले बाहेरून कमी पडले, आतून जास्त."

जावई थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते पेपरात आलेलंच आहे." नोव्हेंबर २००९ मध्ये कैग्यातच पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलेलं सापडलं होतं. पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेलं. हे आतल्याच कुणाचं तरी कृत्य असावं, असं त्या वेळी अधिकाऱ्यांनी जाहीर सांगितलं. कुंपण जागेवर होतं, पहारेकरीही होते. म्हणून तर आत काम करणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणं, त्याच्या हातात काय जातं-येतं ते बघणं, हाही सुरक्षेच्या नियमांचा मोठा भाग आहे. जावयांची घरातली गप्पगप्प वृत्ती मला त्या क्षणी उमगली. त्यांच्यावरही रोज नजर असते, आणि ती असावी असं त्यांना स्वतःलाही वाटतं.

गडावरून खाली काळी नदीवरचा पूल दिसतो. शेजारचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला, एक ट्रक नदीत गेला. पूल जेमतेम चार दशकं टिकला. प्लुटोनियमची तीव्रता निम्म्यावर यायलाच चोवीस हजार वर्षं लागतात. आपल्या देशाचं धोरण वापरलेलं इंधन कचरा न मानता त्यावर पुनर्प्रक्रिया करायचं आहे, त्यासाठी तुर्भे, तारापूर, कल्पाक्कम इथं प्रकल्प उभे राहिले. पण त्यानंतरही काही उरतंच, आणि ते सांभाळावं लागतंच. हा हिशेब कैगा उभं राहण्याआधीच काहींनी मांडला होता. कोटा शिवराम कारंतांसारखा थोर कानडी लेखक उतारवयात या प्रकल्पाच्या विरोधात रस्त्यावर उतरला, १९८९ ची लोकसभा निवडणूक याच भागातून लढला. ते हरले, प्रकल्प झाला. १३ मे १९९४ ला बांधकाम चालू असताना इथल्या एका घुमटाचा भाग कोसळला, तो आराखडा सुधारून पुन्हा बांधला. विरोध करणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न वाया गेले असं मला वाटत नाही. प्रश्न विचारणारं कुणी नसेल, तर पहारेकऱ्यालाही डुलकी लागते.

परतीच्या दिवशी सकाळी वसाहतीबाहेर भाजी घ्यायला गेले. कद्र्याकडची एक बाई लाल माठ घेऊन बसली होती. माझ्या मनातली शंका मी तिलाच विचारली, "बाई, तिकडं काही झालं, भोंगा वाजला, तर तुम्ही काय करणार?"

तिनं जुडी बांधता बांधता सांगितलं, "दारां-जनेलां धांपून घरांत रावचें. सांगतले तें आयकचें." दारं-खिडक्या लावून घरात राहायचं, सांगतील ते ऐकायचं. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी असं नियोजन असतं, ठरावीक काळानं तालीम होते. तिच्या वाडीत ती झाली होती. "आणि म्हाताऱ्या माणसांचं?" "म्हज्या मांयक हांवेंच वयर काडली," ती हसून म्हणाली. आईला तिनंच धरून उठवलं होतं.

मला वाटलं, जावयांचं न सांगणं आणि या बाईचं सांगणं, दोन्ही हवं. कुलपाची किल्ली कुठं आहे हे कुणाला कळू नये. पण घराला आग लागली तर कुठल्या दारानं बाहेर पडायचं, हे पाळण्यातलं मूल सोडून सगळ्यांना माहीत असावं. पहिलं लपवताना दुसरंही लपलं, तर पहारा कितीही कडक असो, शेजारी उघडेच.

घरी येऊन लेकीला विचारलं, "भोंग्याचं तुला ठाऊक आहे?" तिला होतं. नातवाला होतं. विहीणबाईंना नव्हतं, मलाही नव्हतं, आणि आम्ही दोघी वर्षातला महिनाभर तरी तिथं असणार. मग नातवानं वहीचं पान फाडून मराठीत आणि कानडीत तीन-तीन ओळी लिहिल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवल्या.

आम्ही निघालो, तेव्हा जावई रात्रपाळी करून आले होते. नेहमीप्रमाणे कामाबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही. डबा तेवढा हातात दिला, म्हटलं, "जेवून घ्या, मग झोपा." घाट चढताना मागं वळून बघितलं. कद्र्याचं पाणी उन्हात चकाकत होतं.