पप्पा गाडीनेच जाणार?

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. त्या आठवड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात एका चिमुरडीने विचारले, “फादर, पप्पा उद्यापण गाडीनेच जाणार?”

स्फोट कोणी घडवले, हे तिला नको होते. आपण वडीलधारी मंडळी मात्र नेमके तेच सांगत बसतो, नाहीतर ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतो. (हे तर मुळीच सांगू नये, मूल देवालाच भिऊ लागते.) दूरचित्रवाणीवर तेच दृश्य पुन्हा दिसले, की लहानग्यांना तो नवा स्फोट वाटतो, संच बंदच ठेवावा.

काही होणार नाही, असे वचन मी कुठून देणार? “हो बाळ, गाडीनेच,” एवढे म्हणालो. रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसांनी जखमींना घरच्या चादरींतून उचलून नेले, तेही सांगितले.

“मग त्यांच्या चादरी?” तिने विचारले.