नोंद आणि संपर्क

यंत्रांविषयी लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. वर्गात शब्दशक्ती शिकवताना लक्षणेचे उदाहरण म्हणून मी टेबलाखालच्या डब्याकडे बोट दाखवतो. 'सीपीयू' हे खरे तर त्याच्या पोटातील एका चकतीचे नाव. पण आपण अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. माझे संगणकज्ञान एवढ्यावर संपते. तरीही गेल्या पावसाळ्यात चार दिवस मी त्या डब्यापुढे गुडघे टेकून बसलो होतो, त्याची ही हकीकत.

आमचे अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय ब्याऐंशी. दृष्टी जवळजवळ गेलेली, कानही मंदावलेले. त्यांच्या जुन्या कॅसेटींतील कीर्तने आणि नाट्यसंगीत एका विद्यार्थ्याने संगणकावर उतरवून दिले आहे. मोबाईलची गुळगुळीत काच त्यांच्या बोटांना कळत नाही. कीबोर्डवर मात्र दोन कळांना चिकटपट्टीचे तुकडे लावले आहेत, त्या ते बरोबर चाचपून दाबतात. स्पीकर होते तेव्हा घरभर कीर्तन चाले आणि मला पेपर तपासणे अशक्य होई. ते बिघडले, तेव्हा मी नवे न आणता बिनतारी हेडफोन आणला. अण्णांना स्पष्ट ऐकू यावे म्हणून आणला, असे मी सर्वांना सांगितले. ते अर्धसत्य होते.

एका बुधवारी अण्णांनी हेडफोन खणात ठेवून दिला आणि म्हणाले, "ते लागत नाही."

मी संगणकाची यादी उघडली. हेडफोनच्या नावापुढे 'पेअर्ड' असा शब्द होता. म्हणजे जोडलेले आहे, असा अर्थ मी लावला आणि दोष दुसरीकडे शोधू लागलो. बॅटरी भरली. संगणक बंद करून सुरू केला. हेडफोन कानाला लावला, शांतता.

दुसऱ्या दिवशी वाचन सुरू केले, कारण आमच्या पेशाला तेवढेच येते. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील हाराल्ड या डेन्मार्कच्या राजाच्या टोपणनावावरून आले आणि त्याचे चिन्ह त्याच्या आद्याक्षरांच्या दोन रून लिपीचिन्हांचे जोडाक्षर आहे, हे वाचून आनंद झाला, उपयोग शून्य. ही यंत्रे २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात आणि घरातील वायफाय, मायक्रोवेव्हची भट्टी हीदेखील त्याच पट्ट्यात गलबला करतात. म्हणून पारंपरिक ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत आपले बोलणे पार पाडते. यूएसबी ३.० च्या जोडणीतूनही याच पट्ट्यात अडथळा निर्माण होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच एका टिपणात दाखवून दिले होते. आमचा ब्लूटूथचा डाँगल नेमका मागच्या निळ्या खाचेत, लोखंडी पत्र्याआड होता. मी तो वायरीने पुढे आणून ठेवला. माझा सिद्धान्त सुंदर होता. हेडफोन मुकाच राहिला.

तेव्हा पाठचिकित्सेची आठवण झाली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, हे आपण सारेच शिकवतो. पण पाठ ठरवताना एका वेळी एकच जागा तपासावी, हे मी स्वतः विसरलो होतो. मी एकाच दमात चार गोष्टी बदलत होतो, त्यामुळे कशाने काय झाले हे कळत नव्हते. आणि मुख्य म्हणजे, ज्या शब्दापाशी थांबायला हवे होते तो ओलांडून पुढे गेलो होतो.

'पेअर्ड' म्हणजे 'कनेक्टेड' नव्हे. दोन यंत्रांची एकदा ओळख झाली, की दोघेही एक गुप्त किल्ली आपापल्या स्मरणात ठेवतात. ही झाली नोंद. ती वर्षानुवर्षे टिकते. प्रत्यक्ष संपर्क ही निराळी गोष्ट. तो दर वेळी नव्याने व्हावा लागतो. नोंद शाबूत असताना संपर्क तुटलेला असू शकतो. आणि आमच्यासारखा साधा हेडफोन एका वेळी एकाचेच ऐकतो. सुरू होताच बहुधा शेवटच्या सोबत्याला शोधतो.

मग हा शेवटचा सोबती कोण? शनिवारी सकाळी मी घरातील एकेका यंत्राचे ब्लूटूथ बंद करत गेलो. माझ्या मोबाईलचे बंद केले, आणि हेडफोन निमूटपणे संगणकाला जाऊन मिळाला.

त्या सोमवारी एका ऑनलाइन बैठकीसाठी अण्णा झोपलेले असताना मी त्यांचा हेडफोन माझ्या मोबाईलला जोडला होता आणि मुकाट्याने जागेवर ठेवला होता. उलगडा झाल्याचे समाधान मिनिटभर टिकले. मग मंगळवारची संध्याकाळ आठवली.

ताईचा आवाजी निरोप आला होता. मी मोबाईल कानाला लावला. काहीच ऐकू आले नाही. निरोप नीट उतरला नसेल, असे वाटून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात, प्राध्यापककक्षात, तो स्वच्छ ऐकू आला. ताई म्हणत होती, "मी ते ठिकाण पाहून आले. स्वच्छ आहे, डॉक्टर रोज येतात. तुझी ओढाताण मला कळते. अण्णांना आपण हळूहळू सांगू."

मंगळवारी संध्याकाळी, भिंतीपलीकडे, अण्णा कानाला हेडफोन लावून बसले होते.

मी त्यांच्या खोलीत गेलो. "अण्णा, झाले दुरुस्त. माझ्या फोनला लागले होते ते. तुम्हाला मध्ये काही... खरखर वगैरे ऐकू आली का?"

"खरखर नाही," अण्णा म्हणाले. "आवाज अगदी स्पष्ट होता."

थोडा वेळ गेला. "ताईला सांग, पावसात एवढी धावपळ करू नकोस म्हणावे."

बिघडलेल्या जोडणीवर यंत्रांना एक उपाय सांगतात: दोघांच्याही स्मरणातून जुनी नोंद पुसून टाकावी आणि नव्याने ओळख करून द्यावी. माणसांना ती सोय नाही. आम्हाला सगळी नोंद ठेवूनच संपर्क करावा लागतो. त्या ठिकाणाविषयी आम्ही अद्याप निर्णय घेतलेला नाही. पण पुढच्या रविवारी ताई आली आणि आम्ही तिघे त्याविषयी मोठ्याने बोललो, कारण अण्णांशी मोठ्यानेच बोलावे लागते.

नवे स्पीकर आणले आहेत. हे लिहितानाही पलीकडे कीर्तन चालू आहे आणि पेपर तसेच पडले आहेत.