शिवपुरीमार्गे जयविलास

भोपाळच्या टी. टी. नगरातून, म्हणजे तात्या टोपे नगरातून, ग्वाल्हेरला रेल्वेनं लवकर पोचता येतं. मी मुद्दाम गुना-शिवपुरीचा रस्ता धरला. येवल्यात जन्मलेल्या तात्यांना इंग्रजांनी १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीत फाशी दिलं. त्यांच्या पुतळ्याला नमस्कार केल्याशिवाय शिंद्यांचा महाल पाहावासा वाटेना.

कारण जून १८५८ मध्ये तात्या, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर चालून आले, तेव्हा जयाजीराव शिंद्यांची बरीचशी फौज त्यांना जाऊन मिळाली आणि महाराजांना आग्रा गाठावं लागलं. इंग्रजांनी त्यांना पुन्हा गादीवर बसवलं. त्याच जयाजीरावांनी १८७४ मध्ये जयविलास उभारला. वास्तुकार होते मायकेल फिलोज.

बाहेरून महाल शिस्तीचा आहे: खाली टस्कन, मध्ये इटालियन डोरिक, वर कोरिंथियन खांब. दरबार हॉलमध्ये पाऊल टाकलं की ही शिस्त विरघळते. पांढऱ्या भिंतींवर सोनेरी वळणं, वेलबुट्टी, लखलखाट. पंधराव्या लुईच्या काळात, १७३० च्या सुमारास पॅरिसमध्ये बहरलेल्या रोकोकोची ही आठवण. निव्वळ रोकोको मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकानं त्यात बरंच काही मिसळलं आहे. व्हर्सायच्या भव्यतेला कंटाळलेल्या उमरावांनी ती नाजूक शैली आपल्या लहान, खासगी दालनांसाठी जोपासली होती. इथं ती अवाढव्य दरबारावर चढवली आहे आणि माझ्या मते तिचा नाजूकपणा या भाराखाली दबतो. साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं! ती टांगण्याआधी छतावर हत्ती चालवून पाहिले, असं सांगतात.

मी जास्त वेळ पाहत राहिलो तो पायाखालचा गालिचा. तो ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला आणि त्याला बारा वर्षं लागली म्हणतात. झुंबरांकडे माना वर करून पाहणाऱ्या गर्दीत त्या हातांची आठवण कुणी काढत नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

१८७६ मध्ये इंग्लंडचा युवराज या महालात उतरला. सगळा थाट त्याच्या स्वागतासाठी होता. वरच्या किल्ल्यावर मात्र तेव्हा इंग्रजांचीच फौज होती. आपल्याच किल्ल्याखाली राहून राजानं राज्यकर्त्यांना दाखवलेलं हे वैभव आहे, असंच मी या सोन्याकडे पाहतो.

ग्वाल्हेरला गेलात तर महाल पाहून परतू नका. फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, तिथं जा. मग किल्ला चढा. तो शिंद्यांना १८८६ मध्ये परत मिळाला, तोही झाशी इंग्रजांना देऊन.